बातमी जेव्हा खेळ होते

१८३२ सालच्या जानेवारी महिन्याच्या ६ तारखेस बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत पहिले मराठी वृत्तपत्र सुरू केले आणि त्याला 'दर्पण' हे नाव दिले. वृत्तपत्राकडून आपली काय अपेक्षा असते, ते ह्या एका शब्दात आले आहे. वृत्तपत्र म्हणजे आरसा. जग जसे आहे तसे त्याने दाखवावे आणि आपण ते पाहावे. पुढे छायाचित्रे आली, रेडिओ आला, दूरदर्शन आले. परंतु ही कल्पना फारशी बदलली नाही. सांगणारा सांगतो, ऐकणारा ऐकतो. ऐकणाऱ्याने हात घालावा असे त्यात काही नसते.

गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र काही पत्रकारांनी एक निराळाच उद्योग आरंभिला. त्यांनी बातमीचा खेळ केला. मुले ज्याला व्हिडिओ गेम म्हणतात आणि ज्याच्या नावाने आपण वडीलधारी मंडळी दिवसातून एकदा तरी कपाळाला हात लावतो, तोच हा प्रकार. इंग्रजीत ह्याला न्यूजगेम असे नाव पडले आहे. आपण त्याला 'वृत्तखेळ' म्हणू. हे वृत्तखेळ कसे जन्मास आले, त्यांनी काय साधले आणि त्यांत धोका कोणता, ह्याचा थोडा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

खेळातून काही सांगावे ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील मोक्षपट सर्वांना ठाऊक आहे. परंपरेने त्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे दिले जाते. पटावरील शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटचे घर म्हणजे मोक्ष. क्रोधाच्या घरात सोंगटी पडली की खेळणारा घसरत खाली येतो. 'क्रोध वाईट' हे कोणी त्याला सांगत नाही; वर चढलेली सोंगटी त्याच्या डोळ्यांदेखत खाली येते आणि त्याला स्वतःलाच चुटपूट लागते. प्रवचनापेक्षा ही रीत निराळी आहे. येथे उपदेश शब्दांत नसून नियमांत आहे. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवू. कारण पुढील सर्व इतिहास ह्याच एका मुद्द्याभोवती फिरतो.

वृत्तपत्राने खेळाला जवळ केले तेही फार पूर्वी. अमेरिकेत नेली ब्लाय नावाची एक धाडसी महिला पत्रकार होऊन गेली. जूल व्हर्नच्या कादंबरीतील नायकाने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपण ती त्याहून लवकर करून दाखवू, अशा जिद्दीने ती १४ नोव्हेंबर १८८९ रोजी निघाली आणि २५ जानेवारी १८९० रोजी, म्हणजे ७२ दिवसांत, परत पोहोचली. तिला पाठविणारे वृत्तपत्र होते जोसेफ पुलित्झर ह्यांचे 'न्यूयॉर्क वर्ल्ड'. तिच्या आगमनानंतर लगेच ह्या पत्राने पानभर एक पट छापला. दिवसागणिक एक घर, कुठे वादळ, कुठे अडथळा, कुठे अनुकूल वारा. फासे टाकावेत आणि घरबसल्या नेलीबरोबर जगाची फेरी करावी. बातमीवर रचलेला आणि बातमीदारानेच वाचकांच्या हाती दिलेला असा हा पट होता. त्यात करमणूक अधिक होती हे खरे. परंतु बीज पडले ते पडलेच.

ह्यानंतरची दोन उदाहरणे अधिक गंभीर आहेत. १९०४ साली एलिझाबेथ मॅगी ह्या अमेरिकन बाईंनी 'लँडलॉर्ड्स गेम' ह्या खेळाचे पेटंट मिळविले. जमिनीची मालकी थोड्यांच्या हाती गेली म्हणजे बाकीचे कसे भिकेस लागतात, हे हेन्री जॉर्ज ह्या अर्थशास्त्रज्ञाचे मत त्यांना लोकांना पटवून द्यावयाचे होते. त्यांनी एकाच पटासाठी दोन प्रकारचे नियम केले. एका नियमाने खेळले तर एकजण गब्बर होतो आणि इतर बुडतात. दुसऱ्याने खेळले तर संपत्ती वाढते ती सर्वांची. पुढे ह्याच खेळातून 'मोनोपोली' तयार झाला, १९३५ साली पार्कर ब्रदर्स ह्या कंपनीने तो बाजारात आणला, आणि आपल्या घराघरांतील मुले 'व्यापार' म्हणून जो डाव मांडतात तोही त्याच कुळातला. गंमत अशी की मागे राहिला तो केवळ पहिला नियम. मक्तेदारीविरुद्ध इशारा म्हणून जो खेळ रचला, तो मक्तेदार होण्याचा आनंद देणारा खेळ म्हणून जगभर गाजला! पट तोच, नियम बदलला आणि अर्थ उलटा झाला. दुसरे उदाहरण इंग्लंडातले. मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने १९०९ साली 'पँक-अ-स्क्विथ' नावाचा पट काढला. एका स्त्रीला तिच्या घरापासून पार्लमेंटपर्यंत न्यावयाचे आणि वाटेत पोलीस, तुरुंग, पंतप्रधान ॲस्क्विथ ह्यांचे अडथळे. त्या काळची वर्तमानपत्रे जी बाजू क्वचितच मांडीत, ती बाजू ह्या पटाने घरोघरच्या टेबलावर मांडली.

आता संगणकाच्या काळाकडे येऊ. २००१ च्या सप्टेंबर महिन्याच्या ११ तारखेस न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि त्यानंतर 'दहशतवादाविरुद्ध युद्ध' हे शब्द सर्वांच्या कानी येऊ लागले. २००३ साली उरुग्वे देशातील गोन्झालो फ्रास्का ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक छोटा खेळ तयार करून इंटरनेटवर ठेवला. त्याचे नाव 'सप्टेंबर १२', म्हणजे हल्ल्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. फ्रास्का हे पूर्वी सी.एन.एन. ह्या वृत्तसंस्थेत काम केलेले गृहस्थ होते. बातमी कशी तयार होते हे त्यांनी आतून पाहिले होते.

खेळ दिसावयास अगदी साधा. पडद्यावर मध्यपूर्वेतील एक गाव आहे. बाजार भरला आहे, माणसे, मुले, कुत्री इकडेतिकडे फिरत आहेत, आणि त्यांच्यात मधूनमधून बंदूकधारी दहशतवादी आहेत. खेळणाऱ्याच्या हाती एक नेमचिन्ह दिलेले आहे. नेम धरून कळ दाबली की क्षेपणास्त्र सुटते. परंतु ते लगेच पोहोचत नाही. तेवढ्यात दहशतवादी पुढे सरकतो आणि भलतीच माणसे मरतात. मग आसपासचे लोक धावत येतात, प्रेतांशेजारी बसून रडतात, आणि रडता रडता त्यांतलेच काहीजण उठतात ते बंदूक घेऊन. जितकी क्षेपणास्त्रे सोडावीत तितके दहशतवादी वाढत जातात आणि गाव मातीत मिळते. ह्या खेळात गुण नाहीत, जिंकणे नाही, हरणे नाही, शेवटही नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या संगणकाच्या खोलीत मी आठवीच्या मुलांपुढे हा खेळ ठेवला होता. पाच-सहा मुलांत एक संगणक. पहिली पाच मिनिटे नुसता कल्ला चालला होता. नंतर हळूहळू एकेक बाकावरचा आवाज कमी झाला. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हा खेळ बिघडलाय. मारतोय तेवढे वाढतायत." मी म्हटले, बिघडलेला नाही, तो असाच आहे. तो परत बसला आणि पुन्हा मारू लागला. मागच्या बाकावरील एक मुलगी मात्र हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत बसली होती. मी विचारले, "का गं, तू खेळत नाहीस?" ती म्हणाली, "खेळतेय की, सर. मी गोळी सोडत नाहीय." तिच्या पडद्यावरचा बाजार अजून भरलेला होता. त्यांत बंदूकधारीही फिरत होते हे तिला दिसत होते, आणि त्यांचे काय करावयाचे ह्याचे उत्तर ना तिच्याजवळ होते ना माझ्याजवळ. त्या दिवशी मला असे वाटले, की युद्धावरचे अग्रलेख मी ह्या मुलांना वर्गात अनेकदा वाचून दाखविले. परंतु हा प्रश्न त्यांच्या मनात त्या वाचनाने कधी उभा राहिला नव्हता.

ह्याच फ्रास्का ह्यांनी २००४ च्या मार्च महिन्यात दुसरा खेळ केला. ११ मार्च रोजी माद्रिद शहरात आगगाड्यांत बाँब फुटून १९० हून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच 'माद्रिद' हा खेळ तयार झाला. हातात मेणबत्त्या घेतलेली माणसे उभी आहेत, वाऱ्याने ज्योती मंदावत आहेत, आणि खेळणाऱ्याने एकामागून एक ज्योतीला स्पर्श करून त्या तेवत ठेवावयाच्या. माणसांच्या सदऱ्यांवर शहरांची नावे आहेत. जेथे जेथे असे संहार झाले त्या शहरांची. श्रद्धांजलीचा लेख जसा लिहावा तसा हा श्रद्धांजलीचा खेळ होता, आणि तो जवळजवळ दैनिकाच्या वेगाने निघाला होता.

मोठ्या वृत्तपत्रांचे लक्ष ह्या प्रकाराकडे वळण्यास मग फार काळ लागला नाही. २००७ च्या मे महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या मतांच्या पानासाठी इयान बोगोस्ट ह्यांच्या संस्थेने केलेला एक खेळ प्रसिद्ध केला. परदेशातून अमेरिकेत येणारे अन्न तपासणाऱ्या सरकारी खात्याविषयी तो होता. बंदरांवर माल धडाधड उतरत आहे, वर्षागणिक तो वाढत आहे, आणि तपासनीस मात्र मूठभर. दूषित अन्नाची प्रकरणे त्या सुमारास तेथे गाजत होती. अग्रलेखात 'तपासनीसांची संख्या अपुरी आहे' असे वाक्य असते. येथे वाचक स्वतःच तो अपुरा तपासनीस होतो आणि दोन मिनिटांत त्याला घाम फुटतो. बोगोस्ट हे केवळ खेळ करणारे नव्हेत, त्यांनी ह्याचे शास्त्रही मांडले. त्यांचे म्हणणे असे, की जसे शब्दांचे वक्तृत्व असते तसे नियमांचेही वक्तृत्व असते. २०१० साली सायमन फेरारी आणि बॉबी श्वायझर ह्यांच्यासह त्यांनी वृत्तखेळांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

२००६ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुसाना रुइझ आणि त्यांच्या सहाध्यायांनी सुदानमधील दारफूर प्रांताच्या हत्याकांडावर खेळ केला होता. निर्वासितांच्या छावणीतील एका कुटुंबातून कोणाला तरी पाच किलोमीटर दूरच्या विहिरीवर पाणी आणावयास धाडावयाचे. वाटेत जंजावीद टोळ्यांच्या गाड्या फिरत आहेत. घरातील कर्त्या पुरुषास धाडू गेल्यास खेळ ते मानीत नाही, कारण तो सापडल्यास मारला जाण्याचाच संभव अधिक. म्हणजे बाई किंवा मूल. मूल सापडले तर ते परत येत नाही, आणि खेळणाऱ्याने पुढचे मूल निवडावयाचे. २००९ साली 'वायर्ड' मासिकाने सोमाली चाचेगिरीवरील लेखाबरोबर एक खेळ दिला. त्यात खेळणारा हाच चाच्यांचा म्होरक्या. स्थानिक टोळीप्रमुखांनी आणि इतर गुंतवणूकदारांनी दिलेले ५०,००० डॉलर घेऊन तो जहाज पकडतो आणि खंडणीची घासाघीस करतो. चाचेगिरी हा वेडाचा नव्हे, नफातोट्याचा धंदा आहे, हे वाचकाला हिशेब करता करता कळते.

अलीकडील दोन खेळ मला विशेष महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांच्या मुळाशी रीतसर बातमीदारी आहे. २०१७ साली लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ने उबर टॅक्सी चालकांवर खेळ केला. त्यासाठी बातमीदारांनी अनेक चालकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. दोन मुलांचा बाप असलेल्या चालकाने एका आठवड्यात घराच्या कर्जाच्या हप्त्यासाठी १,००० डॉलर मिळवावयाचे. मुलाला गृहपाठात मदत करावी की आणखी एक फेरी मारावी, असे प्रश्न पडतात. २०१८ साली 'प्रोपब्लिका' ह्या अमेरिकन वृत्तसंस्थेने एका रेडिओ केंद्राच्या सहकार्याने 'द वेटिंग गेम' काढला. अमेरिकेत आश्रय मागणाऱ्या पाच परदेशी माणसांच्या खऱ्या प्रकरणांवर तो आधारलेला आहे. त्यात खेळणाऱ्याला बहुतेक वेळ एकच काम: थांबणे. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. कंटाळून सोडून द्यावे तर त्या माणसाने दावा सोडला असे होते. खेळ कंटाळवाणा आहे. तो मुद्दामच तसा केलेला आहे.

श्रोतेहो, इतके सांगितल्यावर दुसरी बाजू न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा खेळ करावा काय, हा पहिला आक्षेप. २००४ साली एका स्कॉटिश कंपनीने अध्यक्ष केनेडी ह्यांच्या हत्येचा खेळ नेमका त्या हत्येच्या दिवशी, २२ नोव्हेंबरला, बाजारात आणला. सरकारी चौकशी आयोगाचा निष्कर्ष शक्य कोटीतला आहे हे पडताळून पाहण्याचे साधन, असे त्याचे समर्थन करण्यात आले. परंतु त्यात खेळणाऱ्याच्या हाती मारेकऱ्याची बंदूक होती आणि अचूक नेमाला बक्षीसही होते. केनेडी कुटुंबाकडून त्याचा तीव्र निषेध झाला. २०१५ साली बी.बी.सी.ने सीरियातील निर्वासितांच्या वाटचालीवर, प्रत्येक वळणावर वाचकाने निर्णय घ्यावा, असा एक प्रयोग केला. त्यावरही काही ब्रिटिश वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली. माझ्या मते ह्या दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. पहिल्यात मरणाऱ्याचे दुःख कोठेच नव्हते, केवळ नेमबाजी होती. दुसऱ्यात निर्वासिताला किती थोडे पर्याय उरतात हे समजून घेण्याचा प्रयत्न होता. 'खेळ' ह्या शब्दाने बिचकून जाण्यापेक्षा आत काय आहे ते पाहावे, हे बरे.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. लेखात लेखकाचे मत उघड दिसते; वाक्यावर बोट ठेवून 'हे मला मान्य नाही' असे म्हणता येते. खेळात मत नियमांच्या आड दडलेले असते. 'सप्टेंबर १२' मध्ये प्रत्येक क्षेपणास्त्रामागे नवे दहशतवादी निपजतात, ते तसे व्हावे असे कर्त्याने ठरविले म्हणून. ते प्रत्यक्षातही तसेच घडते की नाही, हे खेळ सिद्ध करीत नाही. तो ते गृहीत धरतो. उद्या दुसऱ्या कोणी प्रत्येक क्षेपणास्त्राबरोबर शांतता वाढत जाते असा नियम केला, तर तोही खेळ तितकाच खरा भासेल. मॅगीबाईंच्या पटाचे काय झाले ते आपण पाहिलेच. म्हणून वृत्तखेळ खेळणाऱ्याने आधी विचारले पाहिजे: हे नियम कोणी केले, आणि कशाच्या आधारे? मुलाखती घेऊन, कागदपत्रे पाहून केले असतील तर ती पत्रकारिता. मनाने केले असतील तर ते फार तर व्यंगचित्र. व्यंगचित्रालाही वृत्तपत्रात मानाची जागा असते, परंतु ते बातमीच्या जागी छापीत नाहीत.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नसून दुःखाची आहे. त्या काळचे बरेचसे वृत्तखेळ इंटरनेटवरील फ्लॅश आणि तशाच इतर तंत्रांवर चालत. ॲडोबी कंपनीने २०२० च्या ३१ डिसेंबरपासून फ्लॅशचा आधार काढून घेतला, आणि असंख्य खेळ एका रात्रीत मुके झाले. काही उत्साही लोकांनी त्यांतील कितीतरी खेळ जतन करून ठेवले आहेत. तथापि वृत्तपत्राच्या मूळ पानावर गेले तर अनेकदा कोरी चौकट दिसते. दीडशे वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र ग्रंथालयात आजही उघडता येते. पान पिवळे झालेले असते, कडा झिजलेल्या असतात, पण अक्षर बोलते. वीस वर्षांपूर्वीची बातमी मात्र कुलूपबंद होऊन पडते. पत्रकारिता हा इतिहासाचा कच्चा खर्डा होय असे म्हणतात. हा खर्डाच नाहीसा झाला तर पुढच्या इतिहासकाराने काय वाचावे?

नंतरच्या एका वर्षी नव्या मुलांना तो खेळ दाखवावा म्हणून मी संगणक लावला, तेव्हा मलाही अशीच एक कोरी चौकट दिसली. मुले वाट पाहत होती. मग मी खडू घेतला, फळ्यावर ते गाव काढले, आणि नियम तोंडी सांगितले. "आता तुम्ही काय कराल?" असे विचारले. तास संपेपर्यंत वाद चालला. एकजण म्हणाला, "सर, नियमच बदलू या की." मी म्हटले, बदला; पण बदललेला नियम खरा कशावरून, ते उद्या वर्तमानपत्र वाचून मला सांगा.

दुसऱ्या दिवशी चारजणांनी वर्तमानपत्राची कात्रणे आणली होती.

श्रोतेहो, वृत्तखेळ वृत्तपत्राची जागा घेईल असे मला वाटत नाही, आणि घ्यावी असेही वाटत नाही. आरसा हवाच. परंतु आरशात पाहून झाल्यावर 'ह्या जागी मी असतो तर?' हा प्रश्न जर एखादा खेळ आपल्या मुलांच्या मनात जागा करीत असेल, आणि त्या प्रश्नाने ती पुन्हा छापील बातमीकडे वळत असतील, तर त्या खेळाला नावे ठेवण्यापूर्वी आपण एकदा त्यांच्या शेजारी बसून तो खेळून पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.